घोट्याच्या कूर्चेची दुखापत आणि शस्त्रक्रियांतील निवड

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनातील व्याख्यान म्हटले म्हणजे शिक्षण, उद्योगधंदे, फार तर विवाहातील अनावश्यक खर्च असे विषय अपेक्षित असतात. घोट्याच्या सांध्यातील कूर्चा हा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून काही मंडळींच्या कपाळी आठी पडली असेल, हे आम्ही जाणून आहोत. तथापि विषय निवडण्यास कारण आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या कुटुंबांतील अनेकजण घोट्याच्या एम. आर. आय. चा कागद हाती घेऊन आमच्याकडे सल्ल्यास आले. कोणाचा पाय कबड्डीच्या मैदानावर मुरगळलेला, कोणी स्कूटरवरून घसरलेली, कोणी पावसाळ्यात गड उतरताना पडलेला. कागदावर लिहिलेले असते की टॅलस हाडाच्या कूर्चेस इजा झाली आहे. एका शस्त्रवैद्याने सांगितलेले असते की छिद्रे पाडू, दुसऱ्याने सांगितलेले असते की गुडघ्यातून तुकडा काढून बसवू, आणि तिसऱ्याने प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचा, काही लाखांचा मार्ग सुचवलेला असतो. तिघांपैकी कोणी लबाड असतो असे नव्हे. या विषयात जगभरातील तज्ज्ञांचे खरोखरच पूर्ण एकमत नाही. ते का नाही, हे समजले तर घरच्या माणसांना निवड करताना योग्य ते प्रश्न तरी विचारता येतील, एवढ्याच हेतूने आम्ही उभे आहोत.

गुडघ्याविषयी आपल्याकडे घरोघर बोलले जाते. घोटा बिचारा उपेक्षित. पाय मुरगळला की हळदीचा लेप, गरम पाण्याचा शेक (ताज्या मुरगळीवर शेक नव्हे, बर्फ हवा, हे जाता जाता सांगून ठेवतो), फार झाले तर एक क्रेप बँडेज आणि आजीचे "होईल बरे". बहुतेक वेळा बरे होतेही. परंतु काही जणांची सूज सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनीही उतरत नाही. सांध्याच्या खोल भागात ठणका राहतो, चालताना काही तरी अडकल्याचा भास होतो. अशा वेळी अस्थिबंध सावरलेला असूनही आत कूर्चेस व तिच्याखालील हाडास जखम झालेली असण्याचा संभव असतो.

घोट्याची रचना थोडक्यात सांगावयास हवी. वरून नडगीचे हाड, बाहेरच्या अंगास तिच्याजवळचे बारीक हाड आणि या दोहोंच्या खाचेत बसलेले टॅलस नावाचे हाड, असा हा सांधा आहे. सुतार एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्या लाकडाचे टोक घट्ट बसवतो, तसा तो बसलेला आहे. टॅलसच्या पृष्ठभागाचा सुमारे ६० टक्के भाग कूर्चेने मढलेला असून एकाही स्नायूचे टोक या हाडास चिकटलेले नाही. म्हणजे रक्तवाहिन्यांना आत शिरावयास जागा थोडी, आणि रक्त थोडे तेथे भरून येणेही थोडे. कूर्चेचा थर घोट्यात साधारण एक ते दोन मिलिमीटरच जाड असतो. गुडघ्यात तो पुष्कळच अधिक असतो. हा फरक पुढे उपयोगी पडेल.

कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. जखम झाली तर रक्ताची गुठळी होऊन त्वचेप्रमाणे भरून येण्याची सोय तिला निसर्गाने दिलेली नाही. विल्यम हंटर यांनी १७४३ साली लंडनमध्ये सांध्यांच्या कूर्चेवर निबंध वाचला, तेव्हाच नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही असे त्यांनी नोंदवले होते. त्यानंतर पावणेतीनशे वर्षे लोटली. शस्त्रवैद्यांनी या काळात जे जे केले ते हंटर यांच्या त्या निष्कर्षाभोवतीच फिरत आहे, असे म्हटले तरी चालेल.

आता कोणी विचारील, कूर्चेस मज्जातंतूच नाहीत तर दुखते काय? दुखते ते तिच्याखालचे हाड. ॲमस्टरडॅम येथील व्हॅन डाइक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली याची जी उपपत्ती मांडली ती आम्हांस फार पटते. आपल्या गच्चीला भेग पडली म्हणजे काय होते पाहा. भेग केसाएवढी असते; परंतु पावसाचे पाणी तीतून आत जाते, स्लॅबमध्ये मुरते आणि खालच्या खोलीचे छत फुगून पोपडे पडतात. चालताना घोट्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार पडतो. त्या दाबाने सांध्यातील द्रव कूर्चेच्या भेगेतून हाडात घुसतो, तेथे पोकळी करतो, आणि ती पोकळी पावलागणिक दुखते. कित्येक रुग्ण बसल्या जागी सुखात असतात आणि चार पावले चालताच कळवळतात, याचा उलगडा यावरून होतो.

या व्याधीचा इतिहास आम्ही दोन वाक्यांत उरकतो. जर्मन शस्त्रवैद्य फ्रान्झ कोनिग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सांध्यात सुटून पडणाऱ्या तुकड्यांच्या विकारास नाव दिले, आणि १९२२ साली काप्पिस यांनी ते घोट्यास लागू केले. पुढे १९५९ साली बर्न्ट व हार्टी या अमेरिकन अभ्यासकांनी प्रयोगांनी दाखवून दिले की पाय आत वळून मुरगळतो तेव्हा टॅलसचा काठ वरच्या हाडावर आपटून असा तुकडा निघू शकतो, आणि त्यांनी इजेच्या चार पायऱ्या पाडल्या: हाड नुसते दबलेले, तुकडा अर्धवट सुटलेला, पूर्ण सुटलेला पण जागीच असलेला, आणि जागा सोडून सांध्यात हिंडणारा. आज एम. आर. आय. च्या जमान्यातही ही वर्गवारी शस्त्रवैद्यांच्या तोंडी आहे.

इजा कोठे होते यास महत्त्व आहे. अमेरिकेत २००७ साली ४२४ रुग्णांच्या एम. आर. आय. चा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ६२ टक्के इजा टॅलसच्या आतल्या बाजूस व ३४ टक्के बाहेरच्या बाजूस आढळल्या. आतल्या बाजूची जखम नडगीच्या हाडाच्या उंचवट्याआड दडलेली असल्यामुळे तेथे हत्यार सरळ पोचवणे कठीण जाते. शस्त्रक्रिया लहान होणार की मोठी, हे पुष्कळदा यावरच ठरते.

पहिली गोष्ट अशी की प्रत्येक इजेस सुरी लागत नाही. तुकडा जागा सोडून हिंडत नसेल तर तीन ते सहा महिने घोट्यास विश्रांती, आधाराचा बूट, वजन कमी करणे आणि भौतिकोपचार यांस अवसर द्यावा. २०१० साली झेंगेरिंक व सहकाऱ्यांनी तोवर प्रसिद्ध झालेल्या ५२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, त्यात नुसत्या विश्रांतीने सुमारे ४५ टक्के व प्लास्टरने ५३ टक्के रुग्णांस समाधानकारक गुण आल्याचे दिसते. म्हणजे निम्मे लोक सुरीवाचून निभावतात. वाढत्या वयाच्या मुलांत तर हाड भरून येण्याची शक्यता अधिक असते. आमचे मत असे की ज्या ठिकाणी पहिल्याच भेटीत, एवढा अवसर न देता, शस्त्रक्रियेची तारीख दिली जाते तेथे दुसरा सल्ला अवश्य घ्यावा. सुटा तुकडा सांध्यात अडकून घोटा मधेच बंद पडत असेल, तर मात्र थांबण्यात अर्थ नाही.

आता शस्त्रक्रियांकडे वळू. सर्वांत अधिक केली जाणारी शस्त्रक्रिया म्हणजे मायक्रोफ्रॅक्चर. घोट्याच्या पुढच्या बाजूस दोन लहान छेद घेतात, एकातून दुर्बीण व दुसऱ्यातून हत्यार आत घालतात. या दुर्बिणीचाही प्रवास मनोरंजक आहे. न्यूयॉर्कचे बर्मन यांनी १९३१ साली मृत शरीरांच्या सांध्यांत दुर्बीण घालून पाहिली आणि घोटा हा तिच्यासाठी फार अरुंद सांधा आहे असा निर्वाळा दिला. जपानी शस्त्रवैद्यांनी तो मानला नाही. १९३९ साली तोक्योच्या ताकागी यांनी घोट्यात दुर्बीण घातल्याचे लिहिले, आणि १९७२ साली त्यांचे शिष्य वातानाबे यांनी २८ रुग्णांचा वृत्तांत दिला. आज ही नित्याची गोष्ट झाली आहे.

दुर्बिणीतून जखम पाहिल्यावर सैल झालेली कूर्चा खरवडून काढतात, कडा उभ्या व टणक होईपर्यंत. मग खालच्या हाडाच्या कठीण पापुद्र्यास टोच्याने तीन-चार मिलिमीटरच्या अंतराने छिद्रे पाडतात. छिद्रांतून रक्त व मेदाचे थेंब वर येताना दिसले की काम साधले. हाडाच्या पोटातील मज्जेबरोबर मूळपेशी वर येतात, गुठळी बनते, आणि काही महिन्यांत त्या गुठळीची कूर्चा होते. परंतु ती मूळची नव्हे. मूळची कूर्चा काचेसारखी गुळगुळीत व दाबास टिकणारी. ही नवी तंतुमय, ठिगळासारखी. ठिगळ लहान असेल तर वस्त्र चालते, मोठे असेल तर उसवते. कोरियातील एका चमूने शस्त्रक्रियेनंतर वर्षाने २० घोट्यांत पुन्हा दुर्बीण घालून पाहिले, तेव्हा सुमारे ४० टक्के ठिकाणी जखम पूर्ण भरलेली नव्हती, मात्र रुग्ण बहुतांशी समाधानी होते. २००९ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष विचार करावयास लावणारा आहे. दुखणे थांबले म्हणजे कूर्चा आली असे नव्हे, आणि कूर्चा पूर्ण आली नाही म्हणजे दुखणे राहणारच असेही नव्हे.

मायक्रोफ्रॅक्चर कोणास मानवते याचे उत्तर मात्र पुष्कळसे स्पष्ट झाले आहे, आणि ते जखमेच्या आकारात आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या १०५ घोट्यांच्या अभ्यासात १५ मिलिमीटरहून लहान जखमांत एकही अपयश नव्हते, आणि त्याहून मोठ्या ३२ जखमांपैकी केवळ एक यशस्वी ठरली. पुढल्याच वर्षी कोरियात १२० घोट्यांचा हिशेब झाला: जखमेचे क्षेत्र १५० चौरस मिलिमीटरच्या आत असलेल्या ९५ पैकी १० अपयशी, त्याहून मोठ्या २५ पैकी २० अपयशी. २०१७ सालच्या एका आढाव्याने तर मर्यादा आणखी खाली आणून सुमारे १० मिलिमीटर व्यास व १०७ चौरस मिलिमीटर क्षेत्र अशी सुचवली. यास्तव एम. आर. आय. चा कागद हाती आला की "इजा आहे" या दोन शब्दांवर न थांबता ती किती मिलिमीटर लांब, किती रुंद, किती खोल, आणि खाली हाडात पोकळी आहे काय, हे विचारून घ्यावे. कागदावर नसेल तर लिहून मागावे. हाडाच्या पोकळीचे माप सी. टी. स्कॅनवर अधिक नेमके कळते, हेही लक्षात असू द्यावे.

येथे एक उदाहरण देतो. व्यक्ती ओळखू येऊ नये म्हणून तपशील मोघम ठेवतो. महाविद्यालयात शिकणारा एक कबड्डीपटू. जखम आठ मिलिमीटरची, हाडात पोकळी नाही. एका ठिकाणी त्याच्या वडिलांस सांगण्यात आले की पेशी वाढवून बसवल्यावाचून मुलगा पुन्हा खेळू शकणार नाही. खर्चाचा आकडा ऐकून ते गृहस्थ बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदतीची ठेव मोडावयास निघाले होते. चार महिने बूट व व्यायाम झाल्यावरही दुखणे उरले, म्हणून त्यावर साधे मायक्रोफ्रॅक्चर झाले. मुलगा खेळतो. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी घोट्यास थोडी सूज येते, तीही सांगावयास हवी. ठेव शाबूत राहिली. आठ मिलिमीटरच्या पहिल्याच जखमेवर पेशींची शस्त्रक्रिया करण्याइतका पुरावा निदान आमच्या वाचनात आलेला नाही.

मोठ्या जखमेचा प्रश्न मात्र खरोखरच बिकट आहे. तेथे ठिगळ पुरत नाही. हाडासह जिवंत कूर्चेचे रोप लावावे लागते. बुडापेस्टचे लास्लो हांगोडी यांनी १९९२ साली रुग्णांवर सुरू केलेल्या पद्धतीस मोझेकप्लास्टी म्हणतात. त्याच रुग्णाच्या गुडघ्याच्या ज्या कडेवर भार कमी पडतो तेथून कूर्चा व हाड यांचे काही मिलिमीटर व्यासाचे दंडगोल काढून ते घोट्याच्या जखमेत, फरशा जडवाव्या तसे, जडवतात. मूळची काचेसारखी कूर्चा मिळते हा मोठा लाभ. परंतु त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. जखम आतल्या बाजूस खोल असेल तर घोट्याचा उंचवटा करवतीने कापून झाकणासारखा उलटावा लागतो व शेवटी स्क्रूंनी पुन्हा बसवावा लागतो. ते कापलेले हाड जुळेपर्यंत भार देता येत नाही. दुसरी किंमत गुडघ्यात. हांगोडी यांच्या स्वतःच्या मोठ्या मालिकेत गुडघ्याचा त्रास तीन टक्क्यांच्या आसपास नोंदलेला आहे. उलट २००७ साली एका अमेरिकन चमूने, आधी गुडघा मुळीच न दुखणाऱ्या ११ जणांची पाहणी केली, तेव्हा ४ जणांचे गुडघे वाईट अवस्थेत आढळले. दोन्ही आकडे प्रामाणिकच असावेत. कोण मोजतो व काय विचारतो यावर आकडा बदलतो.

गुडघ्याचा हा मुद्दा आम्ही आपल्यापुढे मुद्दाम ठेवतो. पाश्चात्य रुग्ण खुर्चीवर बसतो, खुर्चीवर जेवतो. आपण पंगतीत मांडी घालतो, देवापुढे बसतो, गावी गेलो की उकिडवे बसतो. गुडघ्याच्या कडेची वेदना त्यास जितकी जाचते त्याहून ती आपणांस अधिक जाचेल, असा आमचा तर्क आहे. पोकळीसह अठरा मिलिमीटरची जखम असलेल्या एका भगिनीचे, दोन वेळा मायक्रोफ्रॅक्चर फसल्यावर, असे रोपण झाले. बाजारहाट, जिने, बसचा प्रवास हे आता त्या निर्धास्त करतात. हळदीकुंकवास मात्र त्या खुर्ची मागून घेतात. हा सौदा त्यांनी समजून-उमजून केला होता आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. न सांगता झाला असता तर तक्रार असती.

पेशी वाढवण्याची पद्धत स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे लार्स पीटरसन, मॅट्स ब्रिटबर्ग व सहकाऱ्यांनी १९८७ साली सुरू केली व १९९४ साली २३ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पहिल्या शस्त्रक्रियेत निरोगी कूर्चेचा कण काढावयाचा, प्रयोगशाळेत काही आठवडे त्याच्या पेशी वाढवावयाच्या, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत त्या जखमेत भरावयाच्या. कल्पना सुंदर आहे. परंतु ध्यानात घ्यावे की ते २३ रुग्ण गुडघ्याचे होते. त्यांतही मांडीच्या हाडावरील १६ पैकी १४ जणांस उत्तम गुण आला आणि वाटीच्या सातांपैकी केवळ दोघांस. एकाच सांध्यातील दोन हाडांत एवढा फरक पडतो, तर गुडघ्याचे निष्कर्ष जसेच्या तसे घोट्यास लावणे धोक्याचे आहे. अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनी २०१६ साली पडद्यावर वाढवलेल्या पेशींच्या उत्पादनास मान्यता दिली तीही गुडघ्यापुरतीच. घोट्यावरील अनुभव आहे, तो वाईट नाही, पण लहान-लहान मालिकांचा आहे.

मधला एक मार्ग म्हणून छिद्रे पाडून, पोकळीत हाड भरून वर कोलॅजेनचा पडदा शिवणे किंवा चिकटवणे ही पद्धत युरोपात रूढ झाली आहे. यात प्रयोगशाळा लागत नाही व एकाच वेळी काम होते. सामान्यतः वापरला जाणारा पडदा डुकराच्या कोलॅजेनपासून बनवलेला असतो. ज्या घरांत याविषयी विचार करावासा वाटेल त्यांनी तो प्रश्न आधीच विचारावा, शस्त्रक्रियेच्या टेबलावर नव्हे. मृत दात्याच्या ताज्या टॅलसचा तुकडा बसवण्याची पद्धतही अमेरिकेत आहे. तिच्यासाठी देहदानाची व ताजी ऊती जतन करणाऱ्या पेढीची व्यवस्था लागते. आणि हाडासह सुटलेला मोठा तुकडा ताजा असेल तर तो फेकून न देता खालचे हाड खरवडून, त्यात हाडाचा चुरा भरून, स्क्रूने जागच्या जागी बसवणे हे सर्वांत शहाणपणाचे. स्वतःची कूर्चा वाचवता येत असेल तर दुसरी शोधावयास जाऊच नये.

यांतील श्रेष्ठ कोणती? २००६ साली गोब्बी व सहकाऱ्यांनी ३३ घोटे चिठ्ठ्या टाकाव्या तशा तीन गटांत वाटले: एकात नुसते खरवडणे, दुसऱ्यात मायक्रोफ्रॅक्चर, तिसऱ्यात गुडघ्यातून रोपण. दोन वर्षांनी तिन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. आढळला तो एवढाच की रोपणवाल्यांना पहिल्या दिवशी अधिक दुखले. ३३ ही संख्या फार लहान आहे, लहान संख्येत खरा फरकही लपून राहतो. वर सांगितलेल्या २०१० च्या आढाव्यात नुसता तुकडा काढण्याचे यश ५४ टक्के, तुकडा काढून खरवडण्याचे ७७, त्यास छिद्रांची जोड दिल्यास ८५, गुडघ्यातून रोपणाचे ८७ आणि पेशींचे ७६ टक्के असे आकडे आले. हे आकडे पाहून कोणी म्हणेल, रोपण पहिले व पेशी चौथ्या. तसे नाही. आपल्या मंडळाच्या गुणगौरव समारंभात दोन निरनिराळ्या परीक्षा-मंडळांच्या विद्यार्थ्यांचे गुण शेजारी ठेवून वाद होतात, ते आपणांस ठाऊक आहेच. पेपर निराळे, तपासणारे निराळे. छिद्रांकडे लहान जखमा जातात, रोपणाकडे मोठ्या, आणि पेशींकडे बहुधा आधीच एकदा फसलेल्या. ८५ आणि ८७ यांची तुलना यामुळे होऊच शकत नाही. २०१८ साली डहमेन व सहकाऱ्यांनी हा आढावा नव्याने घेतला तेव्हा पहिल्यांदाच उपचार होणाऱ्या जखमांसाठी कोणतीही एक पद्धत श्रेष्ठ ठरत नाही, हे त्यांनी लेखाच्या शीर्षकातच लिहून टाकले. शास्त्रीय नियतकालिकांत इतका सरळपणा विरळा.

आमचे स्वतःचे मत विचाराल तर ते असे. सुमारे १० मिलिमीटरपर्यंतच्या पहिल्या जखमेस मायक्रोफ्रॅक्चर. १५ च्या पुढे, विशेषतः हाडात पोकळी असेल तर, रोपण किंवा हाड भरून पडदा. आणि दहा ते पंधरा यांच्या मधल्या प्रदेशात रुग्णाचे वय, वजन, धंदा आणि शस्त्रवैद्याचा त्या विशिष्ट क्रियेचा सराव पाहून निर्णय. घोट्याचा अस्थिबंध सैल असेल किंवा टाच वाकडी असेल तर ती दुरुस्त केल्यावाचून कूर्चेवर केलेला खर्च पाण्यात जातो. ही गोष्ट पुष्कळदा राहून जाते, म्हणून निक्षून सांगतो.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस घरच्यांच्या वाट्याचे असतात. मायक्रोफ्रॅक्चरनंतर पूर्वी सरसकट सहा आठवडे कुबड्या देत. २०१२ साली कोरियात लहान व मध्यम जखमांवर केलेल्या तुलनेत लवकर भार देणाऱ्यांत आणि उशिरा देणाऱ्यांत फरक दिसला नाही, त्यामुळे अलीकडे काहीजण दोन आठवड्यांनीच पाऊल टेकू देतात. रोपणात व हाड कापल्यावर सहा आठवडे चुकत नाहीत. मात्र भार नसला तरी घोटा वर-खाली हलवत राहणे आवश्यक असते, कारण कूर्चेचे पोषण सांध्यातील द्रवातून होते व तो द्रव हालचालीनेच फिरतो. खेळाकडे परत जावयास चार ते सहा महिने, रोपणानंतर त्याहून अधिक. तळमजल्यावर न राहणाऱ्या व लिफ्ट नसलेल्या घरांनी शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्यापूर्वीच जिन्याचा विचार करावा.

व्याख्यानानंतर श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे संपादकांच्या इच्छेवरून येथे देत आहोत.

एका गृहस्थांनी रक्तातील प्लेटलेट्सच्या इंजेक्शनविषयी विचारले. घोट्याच्या झिजेवर नेदरलंड्समध्ये १०० रुग्णांवर याची रीतसर परीक्षा झाली व २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: साध्या मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनहून अधिक गुण आढळला नाही. कूर्चेची ताजी जखम व झीज या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे खरे. परंतु हजारो रुपये देण्यापूर्वी हा निष्कर्ष ठाऊक असावा. सांध्यात मूळपेशी टोचून देण्याच्या जाहिरातींविषयी तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे की मान्यताप्राप्त उपयोगांखेरीज अशा पेशींचा वापर रीतसर परवानगीच्या चाचणीतच व्हावा. चाचणीत रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. पैसे मागितले तर ती चाचणी नव्हे, हे ओळखावे.

एका मातेने विचारले की मुलीच्या दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एम. आर. आय. मध्ये अशी इजा दिसली, परंतु दुखत काहीच नाही. तर काय करावे? काहीही करू नये. दुखू लागले तर पुन्हा तपासावे.

शेवटचा प्रश्न एका तरुणाचा होता: शस्त्रक्रियेनंतर गड चढता येतील काय? लहान जखम असेल, सूज उरली नसेल व एका पायावर तोल सावरून अर्धा मिनिट उभे राहता येत असेल, तर सहा महिन्यांनंतर आरंभ करावयास हरकत नाही. आधी सपाट रस्ता, मग टेकडी, मग सिंहगड. हरिश्चंद्रगडाची घाई करू नये. चढण्यापेक्षा उतरताना घोट्यावर अधिक ताण येतो, तेव्हा उतरताना हाती काठी असावी व बुटाचा तळ झिजलेला नसावा.